‘दुसरं आहे का गं?’

आज संध्याकाळी इंदूरच्या लोकमान्य नगरात एका घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. अकरा महिन्यांच्या बाळाची आई, एका कडेवर ते बाळ, दुसऱ्या हातात आंब्याच्या डाळीची वाटी. आणि एका काकूंनी चारचौघींत तिच्या पोटाकडे बघून विचारलं, “दुसरं आहे का गं?” तिने वाटी खिडकीत ठेवली आणि बाळाला घेऊन आतल्या खोलीत निघून गेली. पन्ह्याचे पेले फिरत राहिले. काकूंना कुणी एका शब्दाने बोललं नाही.

आत तिने पर्समधून घडी केलेला कागद काढला. विजयनगरकडच्या एका सेंटरचं ‘मम्मी मेकओव्हर’चं पॅकेज. पोटाचं टमी टक (सैल कातडी कापून पोट सपाट करायचं ऑपरेशन), कमरेची लायपोसक्शन (नळीने चरबी ओढून काढणं), तारीख मे महिन्यातली, आणि शनिवारपर्यंत आगाऊ रक्कम भरली तर सवलत. मी विचारलं, तपासलं कुणी? झोपवून पोटाला हात लावून पाहिलं? नाही. उभ्याने फोटो काढले आणि रक्कम सांगितली. अंगावर पाजतेस का, पुढे मूल हवंय का, हेसुद्धा कुणी विचारलेलं नाही.

बाळंतिणींकडून व्यायाम करून घेणं हेच माझं रोजचं काम आहे, त्यामुळे आज गप्प बसणार नाही. पोस्ट लांब होईल. ज्यांच्या घरात नुकतं बारसं झालंय त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

‘पोट सुटलंय’ हे आपण एका शब्दात बोलून मोकळे होतो, पण पोट पुढे येण्यामागे वेगवेगळी कारणं असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा. सैल कातडी असते. कातडीखालची चरबी असते, जी चिमटीत येते. आतड्यांभोवतीची चरबी असते, जी चिमटीत येत नाही. पोट घट्ट आणि गोल दिसतं. ही आतली चरबी कुठलंही टमी टक किंवा लायपोसक्शन काढत नाही, ती आहार, चालणं आणि झोप यांनी उतरते. आणि चौथी म्हणजे स्नायूंमधली फट. पोटावर बरगड्यांपासून ओटीपोटापर्यंत दोन उभे स्नायू असतात आणि मधे त्यांना जोडणारी पांढरी चिवट पट्टी. गर्भ वाढताना ही पट्टी ताणून रुंद आणि पातळ होते. बाळंतपणानंतर पहिल्या दोनेक महिन्यांत ती बरीचशी आपोआप आवळते. ज्यांची आवळत नाही त्यांचं पोट सकाळी बरं आणि संध्याकाळी पाच महिन्यांचं दिसतं. याला डायस्टेसिस म्हणतात. बाई खाते किती याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

सिझेरियनमुळे पोट सुटतं, हेही आज बाहेर चाललंच होतं. तिची डिलिव्हरी नॉर्मल झालेली आहे! सिझेरियनमध्ये हे उभे स्नायू कापत नाहीत, बाजूला सारतात. फट दोन्ही प्रकारच्या बाळंतपणात राहू शकते, कारण ताण नऊ महिन्यांचा असतो.

घरी कसं बघायचं ते सांगते. सकाळी, पोट रिकामं असताना, लघवीला जाऊन आल्यावर उताणं झोपा, गुडघे वाकवा. एका हाताची बोटं बेंबीवर, टोकं पायांकडे, एकमेकांना चिकटवून पोटात हलकेच दाबा. आता डोकं आणि खांदे गादीवरून जरासे उचला. दोन्ही बाजूंनी स्नायूंच्या कडा बोटांवर येतील. मधे किती बोटं मावतात ते मोजा. मग बेंबीच्या दोन इंच वर आणि दोन इंच खाली तेच करा. दोन सेंटिमीटरच्या पुढची फट डायस्टेसिसमध्ये मोजतात, म्हणजे दीड-दोन बोटांपर्यंत बहुतेक वेळा चिंता नाही. तीन किंवा जास्त असेल तर दाखवा. आणि नुसती रुंदी बघू नका, खोली बघा. बोटांखाली ढोलकीच्या कातडीसारखं तणतणीत लागतं की मळलेल्या कणकेसारखं आत जातं? अडीच बोटांची पण तणतणीत फट ही दोन बोटांच्या मऊ फटीपेक्षा चांगलं काम करते. खोकताना बेंबीशी गोळी वर येत असेल आणि झोपल्यावर आत जात असेल तर तो हर्निया असू शकतो, सर्जनकडे जा. ती गोळी कडक झाली, दुखू लागली, उलट्या सुरू झाल्या तर त्याच रात्री हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका.

त्या आतल्या खोलीत पलंगावर मोजलं. साडेतीन बोटं, मऊ. हर्निया वाटला नाही. बेंबीखाली थोडी सैल कातडी. चरबी अगदी बेताची. म्हणजे ज्या लायपोसक्शनचे पैसे ती भरणार होती त्याची तिला गरजच नाही! लायपोसक्शन नळीने चरबी ओढते, फट शिवत नाही आणि कातडी घट्ट करत नाही. कातडी आधीच सैल असेल तर खालून चरबी गेल्यावर ती आणखी लोंबते. हे न सांगता कुणी रक्कम कशी काय सांगतं? मला खरंच राग आलाय.

बरं, टमी टक म्हणजे नक्की काय, तेही तिला कुणी सांगितलं नव्हतं. पूर्ण भूल, दोन ते चार तास. ओटीपोटाच्या खाली, एका कमरेच्या हाडापासून दुसऱ्यापर्यंत छेद. कातडी आणि चरबीचा थर स्नायूंवरून सुटा करत थेट बरगड्यांपर्यंत उचलतात. बेंबी देठासकट जागेवरच ठेवतात. मग छातीच्या हाडाच्या टोकापासून खालपर्यंत ते दोन स्नायू मधोमध टाक्यांनी जवळ आणतात. फट बंद होते ती इथे. उचललेली कातडी खाली ओढून जास्तीची कापतात आणि बेंबीसाठी नवं भोक करून ती बाहेर काढतात. बेंबीखालच्या कातडीवरचे ताणाचे पट्टे आणि बहुतेक वेळा सिझेरियनचा जुना व्रणही त्या तुकड्याबरोबर जातो. वरच्या कातडीवरचे पट्टे मात्र राहतात, फक्त खाली सरकतात. ‘मिनी’ नावाचं जे स्वस्तात सांगतात ते बेंबीखालपुरतं असतं. फट बेंबीच्या वर असेल तर त्याचा उपयोग नाही, आणि तिची वरच आहे.

उचललेल्या कातडीखाली पोकळी राहते, तिथे पाणी साठतं. त्यासाठी ड्रेनच्या नळ्या बाहेर ठेवतात आणि चोवीस तासांत साधारण तीस मिलिलिटरच्या खाली आलं की काढतात. नळी काढल्यावरही पाणी साठू शकतं, मग सुईने काढावं लागतं, कधी दोन-चार वेळा. या ऑपरेशनमध्ये सगळ्यात जास्त होणारा त्रास हाच. मग जखम चिघळणं, आत रक्त साठून एक बाजू अचानक टणक होणं, कातडीची कड काळी पडणं, विशेषतः तंबाखू-सिगारेट घेणाऱ्यांची, कारण तिथला रक्तपुरवठा आधीच ताणलेला असतो. निदान चार आठवडे आधीपासून बंद, मिश्रीसुद्धा. बेंबीखाली बधिरपणा महिनोन्महिने राहतो, थोडा कायमचाही राहू शकतो. आणि सगळ्यात गंभीर म्हणजे पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणं. म्हणून ऑपरेशनच्याच दिवशी चालवतात. म्हणून कुटुंबनियोजनाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगायचं. घरी आल्यावर एकच पोटरी सुजली, दुखली, अचानक दम लागला, छातीत कळ आली तर सरळ कॅज्युअल्टीत.

आणि मे महिना! इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो. त्यात ऑपरेशननंतर सहा आठवडे पोटाला बांधायचा तो आवळ पट्टा, अंघोळ सोडली तर जवळजवळ दिवसरात्र. खाली पातळ सुती बनियन घातलं तरी घामोळं येतं आणि घामोळ्याशेजारी ओली जखम. दुसरी काही अडचण नसताना ही तारीख कुणी का द्यावी? दिवाळीनंतरची थंडी काय पळून जाते?

पण तारीख त्याहून मोठ्या कारणाने चुकलेली आहे. ती रात्री अजून पाजते. पाजणं पूर्ण बंद झाल्यावर निदान तीन, बरं म्हणजे सहा महिने थांबायचं असतं. वजन सहा महिने एका जागी स्थिर हवं. हे वजन उतरवायचं ऑपरेशन नाही, किलो-दोन किलो कातडी जाते, बस. आणि पुढचं मूल हवं असेल तर ते होऊ द्यायचं, मग ऑपरेशन. आधी केलं तर गरोदर राहण्यात धोका आहे असं नाही, पण शिवलेलं पुन्हा ताणलं जातं आणि पैसे पाण्यात. ती म्हणाली दुसरं हवंय, दोन वर्षांनी. हा एवढा एकच प्रश्न विचारला असता तरी कागद छापायची गरज पडली नसती.

व्यायामाने काय होतं आणि काय होत नाही, तेही स्पष्ट सांगते. सैल कातडी कुठल्याही व्यायामाने, तेलाने, उटण्याने, डिंकाच्या लाडवाने आवळत नाही. हे मला मान्य करावंच लागतं. फट मात्र बऱ्याच जणींची कमी होते, आणि पूर्ण मिटली नाही तरी मधली पट्टी तणतणीत होते, पाठ दुखणंही कमी होऊ शकतं, पोट आत बसतं. सुरुवात उताणं झोपून, गुडघे वाकवून. श्वास घेताना बरगड्या दोन्ही बाजूंना फुगू द्या. सोडताना लघवी रोखल्यासारखं खालून वर ओढा आणि बेंबीखालचं पोट हलकेच आत घ्या. पाच सेकंद, दहा वेळा, दिवसातून दोनदा. जमलं की त्याच श्वासावर एक टाच गादीवरून सरकवत पाय लांब करा, परत आणा, मग दुसरा पाय. मग कंबर उचलणं, मग उठाबशा, मग हळूहळू वजन. पोटाच्या मधोमध उभा उंचवटा दिसला की तो व्यायाम आज तुम्हाला जड आहे, एक पायरी मागे या. यूट्यूबवर बघून शंभर सिट-अप्स मारतात त्यांच्यात नेमका हाच उंचवटा येतो. अंथरुणातून सरळ उठायचं नाही, कुशीवर वळून हाताच्या आधाराने. बाळ उचलताना श्वास सोडत. बारा आठवडे रोज केल्याशिवाय निकाल लावू नका.

आणि ते जुन्या नऊवारीने पोट करकचून बांधणं. आधार म्हणून पहिले काही आठवडे बरं वाटतं, ते मी नाकारत नाही. पण बांधल्याने फट शिवली जात नाही, आणि फार आवळलं की दाब खाली जातो. मग खोकताना लघवी सुटते, अंग बाहेर आल्यासारखं वाटतं, आणि बायका हे वीस-वीस वर्षं कुणाला सांगत नाहीत.

एवढं लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय, म्हणून हेही लिहिते. ऑपरेशन करावंसं वाटणं यात लाजण्यासारखं काही नाही. ज्यांची मुलं होऊन गेली, व्यायाम मनापासून करून झाला आणि तरीही फट चार बोटं आहे, कातडी मांडीवर टेकते, घडीखाली दर पावसाळ्यात चिघळतं, त्यांनी जरूर करावं, आणि ‘नट्टापट्टा’ म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नये. फक्त सर्जनची डिग्री बघा. प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. किंवा डी.एन.बी., मेडिकल कौन्सिलची नोंदणी. भूलतज्ज्ञ कोण, रात्री काही झालं तर आयसीयू त्याच इमारतीत आहे का, पुन्हा शिवावं लागलं तर पैसे कोण भरणार, हे कागदावर घ्या. विमा कॉस्मेटिकला पैसे देत नाही, वर जीएसटी लागतो. हर्निया असेल तर तेवढ्या भागाचं विमा कंपनीला आधी लेखी विचारा.

आणि घरच्यांनो, ऑपरेशन तिचं असलं तरी सहा आठवडे तुमचे जाणार आहेत. पहिला आठवडा ती कमरेत वाकून चालणार, पाठीमागे उशा आणि गुडघ्यांखाली उशी घेऊन झोपणार. खाली बसता येणार नाही, भारतीय संडासात जमणार नाही, तीन-चार आठवडे स्कूटी नाही. आणि चार-पाच किलोंच्या वर काही उचलायचं नाही. बाळ नऊ किलोंचं आहे! ते रडलं तर कोण उचलणार, हे तारीख ठरवण्याआधी घरात मोठ्याने बोलून ठरवा. आईने घाईत एकदा उचललं तरी आतले टाके सुटू शकतात.

ती आज मला म्हणाली, “मला आरशाचं काही वाटत नाही हो ताई, पण प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी विचारतंच.” अकरा महिने ती हे ऐकते आहे. काकू, तुम्ही माझ्या यादीत आहात, हे वाचाल. तुम्ही वाईट मनाने विचारलं नाही हे मला माहीत आहे. पण पुढच्या वेळी तिच्या कडेवरचं बाळ दहा मिनिटं घ्या आणि तिला बसून डाळ खाऊ द्या.

शनिवारी पैसे भरायचे नाहीत, एवढं ठरलंय. सोमवारी सकाळी अकराला ती व्यायामाला येणार आहे. तेवढा वेळ बाळ सासूबाईंकडे. त्या दारातच उभ्या राहून सगळं ऐकत होत्या, त्यांनी आपण होऊन सांगितलं.