डबा टेंटच्या बाहेर होता, तरीही अलार्म वाजला

थंडी सुरू झाली की स्पिती-लडाखचे बेत ठरायला लागतात. यंदा आमच्या ग्रुपवर चारपाच जणांनी ऑनलाइन मागवलेल्या पोर्टेबल डिझेल हीटरचे फोटो टाकलेत. एका फोटोत हीटरचा डबा चक्क टेंटच्या आत, झोपायच्या चटईशेजारी ठेवलेला आहे. तो पाहिल्यापासून मला चैन नाही, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

मी या हीटरच्या विरोधात नाही. माझ्याकडे आहे, मी वापरतो, आणि उघड्या ज्योतीच्या गॅस हीटरपेक्षा किंवा कोळशाच्या शेगडीपेक्षा तो कितीतरी शहाणा आहे असं माझं मत आहे. कारण त्यात हवेचे दोन वेगळे रस्ते असतात. एका रस्त्याने हवा ज्वलनाच्या कप्प्यात जाते, तिथे पंप टिक-टिक करत डिझेलचे थेंब सोडतो, ग्लो प्लग ते पेटवतो आणि धूर सायलेन्सरच्या नळीने बाहेर पडतो. दुसऱ्या रस्त्याची हवा फक्त तापलेल्या धातूच्या पंखांवरून फिरते आणि गरम होऊन जाड नळीतून आपल्याकडे येते. हे दोन रस्ते एकमेकांना भेटत नाहीत तोवर आत येते ती स्वच्छ आणि कोरडी हवा. गॅसच्या ज्योतीने टेंटच्या कापडाला आतून पाणी सुटतं तसं इथे होत नाही, कारण जळण्यातली वाफ धुराबरोबर बाहेर जाते. युरोपातले ट्रकवाले वर्षानुवर्षं यावर रात्री काढतात.

पण त्यांच्या ट्रकमध्ये हीटर पक्का बसवलेला असतो आणि धुराची नळी थेट गाडीच्या खाली निघते. आपला डबा आज या शेतात, उद्या त्या नदीकाठी. तो कसा ठेवायचा हे दर रात्री नव्याने ठरतं, तेही बोटं गारठलेली असताना.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही तिघं, म्हणजे मी, मावसभाऊ आणि वहिनी, ताबोला होतो. ताबो हे स्पितीतलं गाव सुमारे 3,280 मीटरवर आहे. काझाला जाण्याआधी एक रात्र टेंटमध्ये काढून सगळं सामान तपासावं, म्हणून होमस्टेच्या मागच्या वावरात टेंट लावला. डबा बाहेर, गरम हवेची नळी आत, सगळं पुस्तकाप्रमाणे. वारा फार होता, हीटर विझेल अशी भीती वाटली, म्हणून आम्ही डब्याच्या तिन्ही बाजूंनी दगड रचले आणि वरून ताडपत्री ओढली. चूक इथे झाली.

साडेदहाच्या सुमारास वहिनी म्हणाल्या, डोकं जड झालंय. दादा म्हणाला, "अगं, उंचीचा त्रास आहे, पाणी पी." बोटाला ऑक्सिमीटर लावला तर 91. त्या उंचीला चांगलाच आकडा, म्हणून आम्ही निर्धास्त झोपलो. माझंही डोकं ठणकत होतं, पण मी बोललो नाही. रात्री तीनच्या आसपास कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूचा अलार्म किंचाळायला लागला. आम्ही चेन उघडून बाहेर पडलो तेव्हा वहिनींना उभं राहता येत नव्हतं. होमस्टेच्या ताईंनी दार उघडलं, आम्हाला आत घेतलं. आमच्याकडच्या छोट्या सिलिंडरवर वहिनींना ऑक्सिजन लावला आणि उजाडल्यावर दवाखान्यात नेलं. त्या पूर्ण बऱ्या झाल्या. तो अलार्म मी शेवटच्या क्षणी बॅगेत टाकला होता, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

झालं काय होतं, ते सकाळी कळलं. हीटर गरम करायला जी हवा ओढतो ती डब्याच्या भोवतालचीच. आम्ही भिंत आणि ताडपत्रीने धूर तिथेच कोंडला आणि पंख्याने तोच ओढून आमच्या उशाशी आणून सोडला. हीटर नादुरुस्त नव्हता, नळीही फुटलेली नव्हती.

त्यात उंचीची भर. तीन-साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास उरतो, पण पंप मात्र डिझेल तेवढंच सोडतो. हवा कमी, इंधन जास्त, म्हणजे अर्धवट जळण, काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड वाढलेला. काही हीटरच्या कंट्रोलरमध्ये उंचीसाठी वेगळा मोड असतो, तो निघण्याआधी घरीच शोधून ठेवा. सायलेन्सरमधून काळा धूर दिसला तर त्या रात्री हीटर वापरू नका.

आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. उंचीचा त्रास आणि कार्बन मोनॉक्साइड, दोन्हींची सुरुवात एकच: डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, थकवा. खाली लोणावळ्याला डोकं दुखलं असतं तर आम्ही शंका घेतली असती. ताबोला घेतली नाही, कारण तिथे डोकं दुखणारच असं आम्ही घरूनच ठरवून गेलो होतो. आणि ऑक्सिमीटरवर तर अजिबात विसंबू नका. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो, आणि आपल्याकडचा साधा ऑक्सिमीटर त्या धरलेल्या हिमोग्लोबिनलाही ऑक्सिजनवालंच समजतो. म्हणजे माणूस गुदमरत असताना आकडा चांगला दिसू शकतो. टेंटमधल्या दोघातिघांचं डोकं एकदम दुखायला लागलं, किंवा बाहेर मोकळ्यावर गेल्यावर बरं वाटलं, तर आधी हीटर बंद करा, बाहेर पडा, उंचीचा विचार नंतर. ऑक्सिजन जवळ असेल तर लगेच लावा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास.

हा वायू आपल्याला परका नाही. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरच्या बातम्या दर हिवाळ्यात आपल्याच शहरांतून येतात. बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असली की खिडकी थोडी उघडी ठेवा, असं जाणत्या बायका सांगत आल्या आहेत. जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधल्या दामनला केरळचे आठ पर्यटक, त्यात चार लहान मुलं, गॅस हीटर लावलेल्या बंद खोलीत दगावले. सियाचीन आणि पूर्व लडाखमधल्या जवानांसाठी डीआरडीओने 'हिमतापक' नावाची नवी बुखारी (खोली तापवायची शेगडी) केली, तेव्हा कार्बन मोनॉक्साइडने होणारे मृत्यू टळावेत हा त्यामागचा एक हेतू होता.

ताबोच्या त्या ताईंच्या स्वयंपाकघरात तंदूर होता. तिकडे लाकडाच्या, धुराड्याच्या शेगडीला तंदूर म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नळीचा एकेक सांधा दाखवला. झोपण्याआधी त्या तंदूर विझू देतात आणि जाड रजया घेतात. आता मीही तसंच करतो. संध्याकाळी तासभर हीटर, झोपताना बंद, रात्र स्लीपिंग बॅगेवर, पहाटे उठल्यावर पुन्हा अर्धा तास. आपण टेंटमध्ये झोपलेलो असताना हीटर चालू ठेवू नये, हे माझं आता ठाम मत आहे. कितीही महाग हीटर असला तरी वारा रात्री फिरतो आणि ते बघायला कोणी जागं नसतं.

बंद करताना बटणानेच करा. पंखा पुढची काही मिनिटं फिरत राहतो, आतला कप्पा थंड करतो. घाईत बॅटरीची वायर उपटली तर आतली उष्णता आतच कोंडते आणि यंत्र भाजून निघतं. चालू करताना ग्लो प्लग आठ-दहा अँपियर खेचतो, म्हणून गाडीच्या एकुलत्या बॅटरीवर हा खेळ नको, सकाळी गाडी सुरू व्हायची नाही. लिथियम बॅटरी नेत असाल तर तापमान शून्य अंशाखाली असताना ती चार्ज करू नका. आपल्याकडचं डिझेल तिथल्या थंडीत घट्ट होतं. लडाखसारख्या भागासाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत वाहणारं हिवाळी डिझेल आणलंय, ते तिथेच भरून घ्या.

डबा ठेवताना हवा ओढायची बाजू वाऱ्याकडे आणि सायलेन्सरचं तोंड वारा जातो तिकडे, टेंटपासून लांब. ही नळी भाजून काढते, कापड आणि गवत तिच्यापासून दूर. आडोसा लागलाच तर एकाच बाजूने, वरून कधीच नाही. बर्फ पडत असेल तर दर थोड्या वेळाने तोंड मोकळं आहे ना ते बघा. टेंटच्या वरची झडप उघडी ठेवा, थोडी ऊब गेली तर जाऊ दे.

आणि अलार्म. घेताना त्यावर ईएन 50291 हे युरोपीय मानक लिहिलंय का बघा. या मानकाचा अलार्म 50 पीपीएमला (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 50 भाग वायू) तास-दीड तासात, 100 ला दहा ते चाळीस मिनिटांत आणि 300 ला तीन मिनिटांच्या आत वाजतो. टेंटच्या आत, डोक्याजवळ ठेवायचा, बॅगेत नाही. निघण्याआधी बटण दाबून आणि त्यावरची मुदतीची तारीख वाचून घ्या, त्यातला सेन्सर काही वर्षांत मरतो.

माझ्याकडे असे दोन अलार्म आहेत. जानेवारीपर्यंत मी कुठे जात नाहीये. पुण्यातलं कोणी वर निघालं असेल तर मेसेज करा, घरून घेऊन जा, परत आल्यावर द्या.