दर सांगणे आणि मूल्यांकन करणे : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

स्थावर मालमत्तेचे मोजमाप आणि मूल्यांकन विद्यापीठात शिकावे, या माझ्या लेखावर आपण लिहिले आहे की होटगी रोडवरचा कोणताही एजंट प्लॉटचा भाव फोनवर सांगतो, मग सिव्हिल झालेल्या आपल्या पुतण्याने त्यासाठी आणखी दोन वर्षे का घालवावीत.

एजंटला भाव ठाऊक असतो, हे मला मान्यच आहे. आजूबाजूला कोणते व्यवहार झाले, हे आम्ही मूल्यांककही त्यालाच विचारतो. पण तो दर नेमक्या किती क्षेत्राला आणि कोणत्या हक्काला लावायचा, हे ठरवण्यातच आमचा बहुतेक वेळ जातो. चार भावांच्या वाटणीसाठी मी एकदा शहरालगतची एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे जमीन पाहिली. वाटणीच्या कागदावर प्रत्येकाला दहा आर लिहिले होते. गुंठा म्हणजे ३३ फुटी साखळीचा चौरस, अर्थात १०८९ चौरस फूट; आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १०७६ चौरस फूट. दोन्ही एकच समजल्यामुळे एकरातले सुमारे ५०४ चौरस फूट कागदावर उतरलेच नाहीत, आणि ती उरलेली पट्टी होती नेमकी रस्त्याकडेची. चौघेही तिथे उभे होते, दर चौघांनाही तोंडपाठ होता आणि पट्टी कोणाच्याच वाट्याला नव्हती. भूकरमापक हद्द दाखवतो, पण किंमत सांगत नाही. एजंट किंमत सांगतो, पण मोजत नाही. ही दोन्ही कामे एका माणसाला एकत्र शिकवणारी जागा म्हणजे हा अभ्यासक्रम, आणि म्हणूनच मला त्याची इतकी तळमळ आहे.

वेळेबद्दलचा आपला आक्षेप मात्र काही अंशी माझ्याच अपुऱ्या लिखाणामुळे आला आहे. कंपनी कायद्याखालील २०१७ च्या नियमांनुसार जमीन व इमारत या गटात नोंदणीकृत मूल्यांकक होण्यासाठी सिव्हिलच्या पदवीधराला पाच वर्षांचा अनुभव लागतो, तर त्यावर मूल्यांकनाचे दोन वर्षांचे पूर्णवेळ पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्याला तीन वर्षांचा पुरतो. पन्नास तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा दोघांनाही चुकत नाही. म्हणजे आपल्या पुतण्याची दोन वर्षे वाया जात नाहीत, पण वाचतही नाहीत, आणि शुल्काचा खर्च वेगळा होतो. हे मी लेखातच सांगायला हवे होते. तो परिच्छेद आज दुरुस्त केला आहे.

प्रवेशाचा निर्णय घेण्यापूर्वी त्याला एवढे करायला सांगावे : नगर भूमापन कार्यालयातून आपल्या घराची मिळकत पत्रिका, म्हणजे जागेचे क्षेत्र नोंदलेला उतारा, काढावी, टेप घेऊन जागा स्वतः मोजावी आणि दोन्ही आकडे जुळतात का ते पाहावे. न जुळल्यास त्याचे कारण शोधावेसे त्याला वाटले, तर मला जरूर कळवा. मी त्याच्यासोबत बसून कागद पाहीन.