एकाने जाऊन बाराजणांच्या स्की आणायच्या म्हणे! त्या फॉरवर्डचं जरा बघू

सध्या जळगाव-धुळ्याकडच्या टूर ग्रुपांवर तो एक मेसेज जोरात फिरतोय, गुलमर्गला ग्रुपने जाताना स्कीच्या सामानाचं भाडं निम्म्यावर कसं आणायचं म्हणून. सगळ्यांचे बुटाचे नंबर ग्रुपवर मागवा, एकाने पुढे जाऊन ठोकात सामान उचला, दोघांत एक सेट घेऊन आळीपाळीने वापरा, बूट एक नंबर मोठा घेऊन दोन मोजे घाला, स्की जितकी लांब तितकी भारी, हेल्मेट-गॉगल म्हणजे फालतू खर्च, आणि भाडं आधीच भरून टाका म्हणजे डिस्काउंट मिळतो. झेलम एक्स्प्रेसचं तिकीट काढून बसलेले लोकं खाली अंगठे देतायत. अरे भो, थांबा जरा.

आधी ते नंबरचं. फुले मार्केटमधे आपण आठ नंबर मागतो तो तिथे कामाचा नाही, स्कीच्या बुटाचा साईज पायाच्या लांबीवर असतो, सेंटिमीटरमधे, २५.५, २६.५ असा. म्हणून भिंतीला टाच टेकवून पाय मोजून न्या, पण तेवढ्यानेही भागत नाही, बूट घालूनच बघावा लागतो. सरळ उभं राहिलं की बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत, गुडघे पुढे वाकवले की ती मागे सरली पाहिजेत आणि टाच आतमधे उचलायला नको. आता हे ग्रुपवर नंबर टाकून कसं कळणार? गुलमर्गच्या खाली टांगमर्ग गाव आहे, तिथे गाडीतून उतरल्यावर ओव्हरकोट नि गमबूट भाड्याने मिळतात, त्यात कोणाचाही पाय कसाही खपतो, मेसेजवाल्याने बहुतेक तेच बूट बघितलेत.

मोठा बूट नि दोन मोजे हे तर उलटंच आहे. बूट ढिला असला की पाय आत हलतो, स्की वळत नाही, मग बकल करकचून आवळायचं आणि रक्त अडलं की बोटं गार. दोन मोज्यांच्या घड्या पडून टोचतं ते वेगळं. एकच पातळ, उंच, लोकरीचा किंवा सिंथेटिक मोजा घाला, सुती नको.

आता दोघांत एक सेट, मला सगळ्यात जास्त राग याचाच आला. बूट स्कीला पकडून ठेवतं त्याला बाइंडिंग म्हणतात आणि त्याचं मोठं काम म्हणजे पडल्यावर बूट वेळेवर सोडायचं, पाय पिळला की पुढून, माणूस तोंडावर पडला की टाचेकडून. किती जोर आला की सोडायचं ते स्क्रूने सेट करतात, बाइंडिंगच्या छोट्या खिडकीत आकडा दिसतो, आणि तो आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्हाला स्की किती जमते यावर ठरतो. ८५ किलोच्या दादाला लावलेली स्की दुपारी ५० किलोच्या वहिनीच्या पायात गेली, तर ती पडल्यावर सुटायची तेव्हा सुटणारच नाही, गुडघाच पिळला जाईल. म्हणजे भरीत पार्टीला वांगी पोत्याने आणतात तसलं हे काम नाही, ज्याच्या पायात जाणार त्याने स्वतः काउंटरवर जायचं, दुकानदाराने वजन विचारलं नाही तर आपण सांगायचं. आणि खरं सांगायचं! चारचौघांत वजन कमी सांगितलं तर स्की नको तेव्हा सुटते, आणि 'आपल्याला येतं सगळं' अशी फुशारकी मारली तर बाइंडिंग घट्ट लावतात. पुरुषमंडळी दुसऱ्यात जास्त सापडतात.

लांब स्कीचं एका ओळीत, शिकणाऱ्याला हनुवटीच्या आसपास येणारी स्की बरी, लांब स्की वेगात स्थिर असते पण वळवायला जड, आणि पहिल्या दिवशी आपल्याला वळणं नि थांबणंच शिकायचंय.

हेल्मेट फालतू म्हणणाऱ्याला काय सांगावं, सोडा. गॉगलचं मात्र ऐका, उंचीवर दर १००० मीटरला अतिनील किरणं साधारण १० टक्के वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातली ८० टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो. गुलमर्गच २६५० मीटरच्या आसपास आहे, गोंडोला म्हणजे तिथला रोपवे तर अफरवतच्या डोंगरावर ३९०० च्याही वर नेतो. आपण भुसावळच्या मे महिन्यात वाढलो म्हणून डोळे काही वेगळे नसतात.

आधीच सगळं भाडं भरायचं म्हणताय, आणि बर्फच नसला तर? फेब्रुवारी २०२५ मधे गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फ नाही म्हणून पुढे ढकलल्या, मार्चमधे घेतल्या. सरकारचं हे, मग तुमच्या डिस्काउंटचं काय? थोडा ॲडव्हान्स द्या, बाकी तिथे सामान बघून, स्कीवरच्या आधीच्या ओरखड्यांचे फोटो काढून मग.

पैसे वाचवायचेच असले तर कपड्यात वाचवा. जॅकेट नि वॉटरप्रूफ पॅन्ट उसनी चालते, मनालीला जाऊन आलेला एखादा साडू असतोच. फक्त जीन्सवर जाऊ नका, एकदा बर्फात बसलात की ती दिवसभर ओलीच राहते.