जेवताना पाणी प्यायल्याने जठररस पातळ होतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

जेवताना पाणी प्यायल्याने पचन बिघडत नाही, असं मी माझ्या लेखात लिहिलं होतं. पाण्याने जठररस, म्हणजे जठरातला आम्लयुक्त पाचक रस, पातळ होतो आणि पचन बिघडतं, असं तुमचं म्हणणं. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सूर जरा तिखट आहे, पण मुद्दे नेमके आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी माझी चूक. लहान आतड्याचं अस्तर पसरलं तर टेनिसचं मैदान भरेल, असं मी त्याच लेखात लिहिलं होतं. पाठ्यपुस्तकांतून चालत आलेलं ते वाक्य मी न तपासता उचललं. स्वीडनमधल्या संशोधकांनी २०१४ साली नव्याने हिशेब मांडला, तेव्हा अख्ख्या पचनमार्गाचं अस्तर सुमारे ३२ चौरस मीटर भरलं. बॅडमिंटनचं अर्धं कोर्टही नाही. लेखात दुरुस्ती केली आहे.

पाण्याबद्दलचं तुमचं म्हणणं मात्र पटलं नाही. "आम्लात पाणी घातलं की ते सौम्य होतं, हे शाळकरी पोरही सांगेल," असं तुम्ही म्हणता. परीक्षानळीपुरतं खरंच आहे. पण सामूची (pH, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा; तो जितका कमी तितकं आम्ल तीव्र) मोजपट्टी दहाच्या पटीने चालते. जेवढा रस तेवढंच पाणी मिसळलं, तरी सामू जेमतेम ०.३ ने वर सरकतो. त्याहून कितीतरी जास्त फरक खुद्द अन्न पाडतं, कारण त्यातली प्रथिनं आम्ल निष्प्रभ करतात. उपाशीपोटी १.५ ते २ असलेला सामू जेवणानंतर ४-५ च्या घरात जातो, तोही पाण्याचा घोट न घेता. म्हणजे तुमच्या न्यायाने जेवणच पचनाला घातक ठरायचं!

तसं होत नाही, कारण जठर हे भरून ठेवलेलं भांडं नाही. ते ताणलं गेलं, आत प्रथिनं आली, की गॅस्ट्रिन हे संप्रेरक रक्तात उतरतं आणि आम्ल बनवणाऱ्या पेशी कामाला लागतात. आम्ल पुरेसं झालं की तेच गॅस्ट्रिन आवरतं घेतलं जातं. पाणी तर फार वेळ थांबतही नाही. घन अन्नाच्या आधी पुढे सटकतं.

हे डोळ्यांनी पाहिलेला माणूस म्हणजे विल्यम बोमाँट, अमेरिकी लष्करातला डॉक्टर. १८२२ साली अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाच्या पोटात बंदुकीचा बार शिरला. तो जगला, पण जठरापर्यंतचं भोक कायमचं उघडं राहिलं. (त्याच्यावर वर्षानुवर्षं प्रयोग करत राहणं आज कोणतीही नैतिक समिती मान्य करणार नाही, ते वेगळं.) अन्न आत पडलं की रस पाझरू लागतो, हे बोमाँटने त्या भोकातून पाहिलं. तोच रस कुपीत काढून, ऊब देऊन त्यात मांस ठेवलं, तर तेही विरघळलं, पण जठरातल्यापेक्षा सावकाश. तुमची परीक्षानळी आणि जठर यांच्यातला फरक तो हाच.

"पचन जठरातच होतं" हे तुमचं म्हणणंही अर्धवट आहे. कर्करोगामुळे संपूर्ण जठर काढून टाकलेली माणसं जगतात. अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडतात. थोडं थोडं, वारंवार खावं लागतं, आणि बी-१२ बहुधा इंजेक्शनने घ्यावं लागतं, कारण ते शोषायला लागणारा घटक जठरातूनच येतो. प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, पिष्ट यांचं बहुतेक काम स्वादुपिंडाची विकरं (एन्झाइम) आतड्यात उरकतात.

राहिला तुमचा अनुभव: जेवताना भरपूर पाणी प्यायलं की पोट जड होतं. तो मी खोटा म्हणत नाही. जठर ताणलं गेलं की जडपणा येणारच, आणि छातीत जळजळण्याचा त्रास असेल तर तोही वाढू शकतो. अशा वेळी कमी प्यावं. फक्त त्याचं कारण पातळ झालेलं आम्ल नव्हे, भरलेलं जठर आहे.