पुठ्ठ्याची घडी पुरत नाही

‘फरशी उंचसखल असेल तर कपाटाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारा, भिंतीला ठोकायची गरज नाही’ असा सल्ला सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. पुठ्ठा वजनाने दबतो, लादी पुसताना भिजतो आणि कपाट पुन्हा डुगडुगतं. जुन्या शहाबादीवर तर हमखास. त्यापेक्षा पायाचे स्क्रू फिरवून किंवा प्लास्टिकची पाचर देऊन पाणसळीचा (सपाटी तपासायच्या पट्टीचा) बुडबुडा मधोमध आणा, आडवा आणि उभा दोन्हीकडून. दारंही मग नीट जुळतात.

पण समतल म्हणजे सुरक्षित नव्हे. उघड्या खणांवर मूल चढलं की सपाट जमिनीवरचं कपाटही पुढे कोसळतं. २०१६ मध्ये आयकिया या फर्निचर कंपनीने अमेरिकेत ड्रॉवरची सुमारे २.९ कोटी कपाटं परत मागवली, ती याच धोक्यामुळे. कपाटाच्या वरच्या बाजूचा अँगल, म्हणजे एल आकाराची पट्टी, भिंतीत प्लग (स्क्रू घट्ट धरणारी छोटी नळी) घालून पक्का करा. नुसत्या गिलाव्यात स्क्रू टिकत नाही.