‘काहींच्या दुर्बलतेमुळे’

वंशभेद करणाऱ्या नेत्यामागे ख्रिस्ती मतदार कसे उभे राहतात, हा प्रश्न अमेरिकेतली निवडणूक जवळ आली की मराठी फेसबुकवरही फिरू लागतो. उत्तरं ठरलेली. एक गट म्हणतो, धर्मच तसला. दुसरा म्हणतो, ते खरे ख्रिस्ती नव्हेतच. दोघांचीही त्यात सोय आहे. हे प्रकरण आतून कसं घडतं ते बघायचं असेल तर दक्षिण आफ्रिकेकडे जावं. तिथल्या डच रिफॉर्म्ड चर्चने, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्यांच्या प्रोटेस्टंट चर्चने, आपली वाटचाल ठरावांत लिहून ठेवली आहे. ते ठराव तारखेनुसार लावून वाचले की नेता फार उशिरा येतो असं दिसतं. त्याच्या शंभर वर्षं आधी वाद झाला होता तो प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमध्ये एकत्र भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या, मेजावरून.

१८२९ साल, केप कॉलनी. गौरेतर सभासदांसोबत एकाच वेळी भाकर आणि द्राक्षारस घ्यायला काही गोरे तयार नव्हते. प्रश्न सिनडपुढे, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेपुढे आला. सिनडने स्वच्छ निकाल दिला: रंग आणि कूळ न पाहता सगळे एकत्रच बसतील, हे देववचनावर उभं असलेलं अढळ तत्त्व आहे. लक्षात घ्या, केपमध्ये तेव्हा गुलामगिरी कायदेशीर होती, ती १८३४ मध्ये संपली. म्हणजे ‘काळच तसा होता’ ही सबब इथे चालत नाही. त्या काळातच बरोबर उत्तर दिलं गेलं होतं.

मग १८५७ चा ठराव. तो वाक्यावाक्याने वाचण्यासारखा आहे. आधी म्हटलंय की परजातीयांतून, म्हणजे इथे गौरेतरांतून, आलेल्या विश्वासणाऱ्यांना चालू मंडळ्यांतच सामावून घेणं इष्ट आणि शास्त्राला धरून आहे. त्यानंतर ‘पण’ येतो. जिथे ‘काहींच्या दुर्बलतेमुळे’ सुवार्तेच्या कामाला अडथळा होत असेल, तिथे या लोकांनी आपले ख्रिस्ती हक्क वेगळ्या इमारतीत उपभोगावेत.

दुर्बल कोण? शेजारी काळा माणूस बसला की ज्यांच्या घशाखाली भाकर उतरत नव्हती ते गोरे. हा शब्दही नव्या करारातली पत्रं लिहिणाऱ्या पौलाचाच उसना घेतलेला. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात आणि पहिल्या करिंथकरांसच्या आठव्यात ‘दुर्बल’ म्हणजे खाण्यापिण्याबाबत, मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याबाबत ज्याचं मन कचरतं तो भाऊ. त्याला ठेच लागू नये म्हणून बलवानाने आपला हक्क सोडावा, असं पौल सांगतो. सिनडने हा हिशोब उलटा मांडला. ज्यांच्याकडे जमीन, बंदूक आणि सत्ता होती ते दुर्बल ठरले, आणि हक्क सोडायचा तो ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांनी. असा उलटा वापर पकडायला ग्रीक यावं लागत नाही. उतारा काढून ‘इथे कोण कोणासाठी काय सोडतोय’ एवढं विचारलं तरी पुरतं.

याच मेजाचा तंटा नव्या करारात आधीच होऊन गेलाय, हे तर अजबच. गलतीकरांस पत्र, अध्याय २. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र परजातीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीला बसत होता. याकोबाकडची यहुदी माणसं आली तसा तो हळूच बाजूला सरकला, आणि त्याच्यामागे पौलाचा सोबती बर्णबासुद्धा. पौलाने त्याला सगळ्यांदेखत सुनावलं. पेत्राने मत बदललं नव्हतं, नवा सिद्धांतही काढला नव्हता, फक्त जागा बदलली होती. पौलाच्या लेखी तेवढंही सुवार्तेशी बेइमानी करण्यासारखं होतं. १८५७ च्या सभेत हा अध्याय कोणी उघडला नसेल असं वाटत नाही. तिथे बसलेले लोक शिकलेले पाळक होते.

सवलत म्हणून दिलेली गोष्ट सवलत राहत नाही. १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांसाठी वेगळं ‘सेंडिंगकेर्क’, म्हणजे मिशन चर्च, उभं राहिलं. आफ्रिकन लोकांच्या मंडळ्या वेगळ्या झाल्या. १९६८ मध्ये भारतीय वंशाच्या ख्रिस्ती लोकांसाठी इंडियन रिफॉर्म्ड चर्च निघालं. श्रद्धापत्र तेच, कबुली तीच, पण चर्च चार. आणि १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने सरकार माणसांना रंगाच्या खणांत टाकू लागलं, तेव्हा चर्चच्या घरात ती वाटणी निम्मीअधिक होऊन गेली होती. (गोव्यातल्या काही कॉन्फ्रारियांचं, म्हणजे चर्चमधल्या बंधुसंघांचं, सदस्यत्व जातीवरून ठरायचं, हे माहीत असलेल्यांनी इथे फार आश्चर्य करू नये.)

सिद्धांत आला तो नंतर, विसाव्या शतकात. आधी भिंत बांधली आणि मग तिच्यासाठी वचनं शोधली. उत्पत्ती ११ मधला बाबेलचा बुरूज: देवानेच भाषा वेगळ्या केल्या, म्हणून राष्ट्रं वेगळी ठेवा. प्रेषितांची कृत्ये १७:२६ हे तर लाडकं वचन, कारण त्यात राष्ट्रांच्या वस्तीच्या सीमा देवाने ठरवल्याचं म्हटलंय. त्याच वाक्याचा आधीचा अर्धा भाग सगळी राष्ट्रं एकापासूनच निर्माण झाली असं सांगतो, तो मात्र हळू आवाजात वाचायचा. काळे लोक नोहाच्या मुलाचे, हामाचे, शापित वंशज ही गोष्ट याहून कच्ची. उत्पत्ती ९ उघडून बघा. शाप हामाला नाहीच, त्याच्या मुलाला, कनानाला आहे. तो देणारा देव नाही, द्राक्षारसाची झिंग उतरलेला नोहा आहे. आणि त्वचेच्या रंगाचा तिथे एक शब्दही नाही. तरीही या शापावर कित्येक पिढ्यांच्या गुलामगिरीचं समर्थन झालं, अमेरिकेतही.

एवढी जमीन नांगरून झाल्यावर नेता आला. डी. एफ. मलान हे याच चर्चचे पाळक. १९१५ मध्ये व्यासपीठ सोडून वर्तमानपत्राचे संपादक झाले आणि १९४८ मध्ये पंतप्रधान. १९४९ मध्ये मिश्रविवाहबंदीचा कायदा आला, त्याची मागणी चर्चने आधीपासून लावून धरली होती. त्यामुळे ‘चर्च नेत्याच्या मागे गेलं’ हे वाक्य मला पटत नाही. नेत्याने चर्चचंच बोलणं कायद्याच्या भाषेत परत दिलं. लोकांना तो आपला वाटला, कारण तो खरोखरच त्यांचा होता.

पुढे चर्चला त्या नेत्यांना ‘नाही’ म्हणता येईना. २१ मार्च १९६० ला शार्पव्हिल इथे काळ्यांना परवाना-पुस्तक जवळ बाळगायला लावणाऱ्या पास कायद्याविरुद्ध जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, ६९ जण मेले. डिसेंबरमध्ये जोहान्सबर्गच्या कॉटस्लो भागात वेगवेगळ्या चर्चची परिषद झाली. तिचं निवेदन तसं सौम्य होतं: मिश्रविवाह बंद करायला शास्त्रात आधार नाही, रंगावरून कोणालाही चर्चबाहेर ठेवता येत नाही. डच रिफॉर्म्डच्या केप आणि ट्रान्सव्हाल या प्रांतांच्या प्रतिनिधींनीही त्याला संमती दिली होती. पंतप्रधान फेरवूर्ट यांनी नापसंती जाहीर केली आणि काही महिन्यांत सिनडांनी आपल्याच प्रतिनिधींना तोंडघशी पाडलं. मागे न हटलेल्यांत पाळक बायर्स नॉडे होते. अफ्रिकानेर, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्यांच्या, सत्तेच्या गुप्त संघटनेचे, ब्रूडरबाँडचे, ते २२ वर्षं सभासद. वडील तिच्या संस्थापकांपैकी. १९६३ मध्ये पाळकपद की वंशभेदाविरुद्धचं काम, अशी निवड त्यांच्यापुढे ठेवली गेली. निरोपाच्या उपदेशाला त्यांनी प्रेषितांची कृत्ये ५:२९ घेतलं: माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे. १९७७ ते १९८४ सरकारने त्यांच्यावर बंदीहुकूम लावला. एका वेळी एकाहून जास्त माणसांना भेटायचं नाही, असा.

आता रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय. नेत्याच्या बचावासाठी पहिली धाव तिथेच. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असा, अधिकार देवाने नेमलेले आहेत. १९८५ च्या ईस्टरला राष्ट्राध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथा मोरिया इथे झायन ख्रिश्चन चर्चच्या अफाट समुदायापुढे गेले आणि हाच अध्याय काढला. श्रोते काळे, त्यांना मताचा अधिकार नाही, आणि वचन अधीन राहण्याचं. जुलैत त्यांनी ३६ जिल्ह्यांत आणीबाणी लावली. सप्टेंबरमध्ये काही धर्मतज्ज्ञांनी ‘कैरोस’ दस्तऐवज काढला आणि या वाचनाला थेट ‘राज्याचं धर्मशास्त्र’ असं नाव दिलं.

त्यांचा मुद्दा कुठल्याही देशात, कुठल्याही पक्षाच्या नेत्यासाठी वापरण्याजोगा आहे. तेराव्या अध्यायात राज्यकर्ता देवाचा सेवक आहे तो ‘तुझ्या हितासाठी’; वचन ४ वाचल्याशिवाय वचन १ वर थांबायचं नाही. पौल राज्याचं एकूण कामकाज सांगतोय, तो अन्यायी राज्याला कसं तोंड द्यावं याचं उत्तर देत बसलेला नाही. ते उत्तर प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायात जास्त मिळतं. तिथे तीच रोमची सत्ता समुद्रातून वर येणारं श्वापद आहे. दोन तेरावे अध्याय, एकच साम्राज्य. जो उपदेशक वर्षानुवर्षं पहिलाच तेरावा वाचतो त्याला दुसऱ्याबद्दल विचारावं. आणि आवडता पक्ष हरला की पहिल्या तेराव्याची आठवण एकाएकी बुजते का, तेही बघावं.

आपल्या मंडळ्यांत दर रविवारी राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना होते. पहिलं तीमथ्य २:१-२ प्रमाणे ती व्हायलाच हवी. पण त्यात राज्यकर्त्यासाठी मागायचं असतं, त्याला प्रमाणपत्र द्यायचं नसतं. ‘प्रभू, त्यांना न्यायबुद्धी दे’ आणि ‘प्रभू, तू हा माणूस आम्हाला दिलास’ या दोन वाक्यांमधलं अंतर मेजावरच्या दोन रांगांएवढंच आहे.

ऑगस्ट १९८२, ओटावा. जगभरच्या रिफॉर्म्ड चर्चची सभा. दक्षिण आफ्रिकेतून आलेल्या गौरेतर प्रतिनिधींनी आपल्या गोऱ्या बांधवांसोबत प्रभुभोजन घ्यायला नकार दिला. घरी आम्हाला या मेजावर बसू देत नाहीत, तर इथे कसे बसू? १८५७ मधल्या ‘काहीं’ना १२५ वर्षांनी मिळालेलं हे उत्तर. त्या सभेने वर्णद्वेषाचं धार्मिक समर्थन पाखंड ठरवलं, गोऱ्या डच रिफॉर्म्डचं सभासदत्व स्थगित केलं. त्याच वर्षी सेंडिंगकेर्कने बेल्हारच्या कबुलीचा, म्हणजे श्रद्धेच्या जाहीर निवेदनाचा, मसुदा केला आणि १९८६ मध्ये ती स्वीकारली. अन्यायाने भरलेल्या जगात देव विशेषतः निराधार, गरीब आणि अन्याय झालेल्या माणसाचा देव आहे, असं ती म्हणते. गोऱ्या चर्चचं घोडं अडतं ते याच ओळीवर. अमेरिकेतल्या दोन मोठ्या चर्चनी, २०१० आणि २०१६ मध्ये, बेल्हार आपल्या कबुल्यांत घेतली. १९९४ मध्ये मिश्रवर्णीयांचं आणि आफ्रिकनांचं चर्च एक झालं. गोरं चर्च त्या एकीत गेलेलं नाही, आणि बेल्हार त्याने अजून पूर्णपणे आपली म्हटलेली नाही.