‘मुलं तुमची, मग भार आमच्या करावर का?’

पाळणाघराच्या फीचा काही भाग सरकारने उचलावा का, यावरचा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. त्याचं सार असं: मूल होऊ देणं तुमची मर्जी, मग खर्चही तुमचा. आई घरी राहिली तर सगळं फुकटात होतं. अनुदान दिलं की पाळणाघरवाले तेवढीच फी वाढवतात. आणि पाळणाघरात मुलं बिघडतात ती वेगळीच.

पहिला मुद्दा फार वेळ घेणारा नाही. मूल शाळेत जाऊ लागलं की शिक्षकांचा पगार करातून जातो, तेव्हा ‘मूल तुमचं, मास्तर तुम्ही ठेवा’ असं कुणी म्हणत नाही. मग त्याआधीच्या वर्षांनीच काय घोडं मारलंय? तीच वर्षं सगळ्यात महाग असतात आणि आईबापांचे पगार तेव्हा सगळ्यात तुटपुंजे. मूल नसलेल्या करदात्याचं पेन्शनसुद्धा पुढे आज रांगणारी मुलंच कर भरून चालवणार आहेत.

‘आई घरी राहिली तर फुकट’ हे मात्र सोडून देता येणार नाही, कारण बहुतेक घरांत हिशेब असाच होतो. फी आईच्या पगारातून वजा करायची, हातात फारसं उरत नाही म्हणायचं, आणि तिने नोकरी सोडायची. तीच फी बापाच्या पगारातून वजा करून पाहिल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. शिवाय बुडतो तो फक्त त्या दोन-तीन वर्षांचा पगार नाही. बढती हुकते, पेन्शनच्या खात्यात खंड पडतो, परतताना खालच्या पायरीवरून चढावं लागतं. क्लेवेन, लांदे आणि सोगोर या अर्थतज्ज्ञांनी डेन्मार्कच्या नोंदी तपासल्या. पहिल्या मुलानंतर पुरुषांच्या तुलनेत बायकांची कमाई सुमारे २० टक्क्यांनी मागे पडते आणि पुढे कित्येक वर्षं तशीच राहते. आणि हे डेन्मार्कमध्ये, जिथे अनुदानित पाळणाघरं मुबलक आहेत!

सरकारचाही कर बुडतोच. कॅनडातल्या क्युबेक प्रांताने १९९७ पासून टप्प्याटप्प्याने दिवसाला ५ डॉलर फीची पाळणाघरं सुरू केली. पिएर फोर्तँ आणि सहकाऱ्यांच्या अंदाजानुसार २००८ साली त्यामुळे जवळपास ७० हजार जास्त आया नोकरीत होत्या, आणि प्रांताने खर्चलेल्या दर १०० डॉलरमागे १०४ डॉलर त्याच्याच तिजोरीत परत आले. हा अंदाज आहे, त्यावर वाद घालता येईल. पण नॉर्वेने १९९८ मध्ये नेमकं उलट करून पाहिलं. जे अनुदानित पाळणाघर वापरणार नाहीत त्यांना रोख रक्कम दिली, आणि आयांचं नोकरीतलं प्रमाण घसरलं. ज्यांना मनापासून घरी राहायचंय त्यांनी खुशाल राहावं. फी झेपत नाही म्हणून राहिलेल्या बाईला ‘तिची निवड’ म्हणू नका, एवढंच.

अनुदानाने फी वाढते हे अर्धं खरं आहे. ऑस्ट्रेलियात २०१८ पासून नवं अनुदान सुरू झालं, फीवर थेट मर्यादा नव्हती, आणि तिथल्या स्पर्धा आयोगालाच फी महागाईच्या पुढे पळालेली आढळली. स्वीडनने २००२ मध्ये दुसरा रस्ता धरला: पालकांची फी उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांपर्यंत, वर कमाल मर्यादा, उरलेला भार सरकारी तिजोरीवर. तिथे पालकांकडून जास्त उकळायला जागाच उरली नाही. म्हणजे दोष पैसे देण्याच्या पद्धतीत आहे.

आणि फी मुळात एवढी का, हेही बघा. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या दर तीन मुलांमागे एक माणूस लागतो. दुपारी एकाला भरवताना दुसरं रडतंय, तिसऱ्याचं लंगोट बदलायचंय. तिथे चौथं मूल कुठे बसवणार? तीन घरांच्या फीतून एक पूर्ण पगार, जागेचं भाडं, विमा, आणि त्या ताई रजेवर गेल्या तर बदली माणूस, एवढं भागवायचं. यंत्र आणून यातलं काही स्वस्त होत नाही. विल्यम बॉमोल या अर्थतज्ज्ञाने १९६० च्या दशकातच अशा कामांचं हेच दुखणं मांडलं होतं. सगळं करूनही ताईंचा पगार तुटपुंजाच राहतो.

‘मुलं बिघडतात’ म्हणणाऱ्यांकडे एक खरा अभ्यास आहे, तो झटकून चालणार नाही. बेकर, ग्रुबर आणि मिलिगन यांनी २००८ मध्ये दाखवलं की क्युबेकमधल्या त्या योजनेनंतर लहान मुलांत आक्रमकपणा आणि चिंता वाढलेली दिसली. पण तिथे मागणी एकदम उसळली, चांगल्या केंद्रांतल्या जागा संपल्या आणि पुष्कळ मुलं सुमार ठिकाणी गेली. याउलट अमेरिकेतल्या यप्सिलँटी गावात १९६२ पासून एका बालवाडीत ५८ गरीब मुलांना प्रशिक्षित शिक्षक मिळाले, शिक्षक दर आठवड्याला घरीही जात. ही मुलं चाळिशीत पोचली तेव्हा, ज्यांना हे मिळालं नव्हतं त्यांच्यापेक्षा जास्त कमावत होती आणि त्यांना अटकही कमी वेळा झाली होती. ५८ मुलांवरून साऱ्या जगाचा निकाल लावू नये, हे कबूल. पण मग क्युबेकवरूनही लावू नका. दर्जाला पैसे लागतात. ते नाकारायचे आणि मग दर्जा नाही म्हणून पाळणाघरच बंद करा म्हणायचं, हा कुठला न्याय?

क्युबेकचा तो निष्कर्ष कॅनडाच्या केंद्र सरकारलाही ठाऊक होता. तरी २०२१ मध्ये त्याने स्वस्त पाळणाघरं देशभर नेण्यासाठी पाच वर्षांत ३० अब्ज डॉलरची तरतूद केली. आता तिथल्या पालकांची तक्रार जागा मिळत नाही ही आहे, कारण शिकलेल्या ताई एवढ्या पगारात टिकत नाहीत.